दुधाचा गोंद आणि लाकडी बॉम्बर

पुठ्ठ्याचा खोका कापा आणि कड निरखून पाहा. वर-खाली सपाट कागद, मधे नागमोडी कागद. तिन्ही सुटे असताना कसेही वाकतात, एकत्र चिकटवले की टीव्हीचं वजन पेलतात. वाकवताना एका बाजूचा कागद ताणला जातो, दुसऱ्या बाजूचा दाबला जातो. मधल्या कागदाने फक्त या दोघांना एकमेकांपासून लांब धरायचं.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या 'मॉस्किटो' बॉम्बरचं धड याच युक्तीचं. आत-बाहेर बर्चचं पातळ प्लायवूड आणि मधे पिसासारखं हलकं बाल्सा लाकूड.

ते बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलंड यांचा हिशेब सरळ होता. बॉम्बरवरच्या बंदुका काढल्या की त्या चालवणारी माणसंही कमी होतात. मग उरतात दोन माणसं, दोन मर्लिन इंजिनं आणि वेग. शिवाय ॲल्युमिनियमची टंचाई होतीच, सुतार मात्र फर्निचरच्या कारखान्यांत हाताशी होते. निःशस्त्र लाकडी विमान ही कल्पना अनेक अधिकाऱ्यांना वेडगळ वाटली. हवाई दलाचे वरिष्ठ अधिकारी विल्फ्रिड फ्रीमन ठाम राहिले, म्हणून मार्च १९४० मध्ये ५० विमानांची मागणी नोंदवली गेली. २५ नोव्हेंबरला पहिलं उड्डाण झालं आणि पुढच्या चाचण्यांत या विमानाने ताशी ६२० किलोमीटरचा टप्पा ओलांडून तेव्हाच्या स्पिटफायर या लढाऊ विमानालाही मागे टाकलं.

मला सगळ्यात आवडते ती जुळणी. धड भुईमुगाच्या टरफलासारखं उभ्या दोन फाकांत साच्यावर घडवायचं, फाका उघड्या असतानाच तारा-नळ्या आत बसवायच्या आणि मग दोन्ही चिकटवून टाकायच्या. अरुंद नळकांड्यात कुणाला वाकडं होऊन घुसायला नको!

म्हणजे सगळी भिस्त चिकटवण्यावर. सुरुवातीचा गोंद केसीनचा, म्हणजे दूध नासवल्यावर जे प्रथिन साकळतं त्याचा. दमट हवेत त्यावर बुरशी धरते, म्हणून पुढे युरिया-फॉर्मल्डिहाइडचा कृत्रिम गोंद आला.

तरीही १९४४ मध्ये भारतात काही मॉस्किटो हवेतच मोडली आणि नोव्हेंबरात इथली विमानं जमिनीवर ठेवावी लागली. पहिला संशय अर्थातच आपल्या पावसाळ्यावर गेला. पण मॉन्सूनचा थेंबही न पाहिलेली विमानं ब्रिटनमध्ये तपासली, तेव्हा त्यांच्यातही तसेच दोष निघाले. चिकटवण्याचं कामच कच्चं होतं. त्यावर उपाय म्हणून पंखावरच्या सांध्यावर लांबच लांब प्लायवूडची पट्टी लावली गेली. अर्थात, तीही चिकटवूनच.