स्क्रॅम ४४० म्हणजे छोटी हिमालयन नव्हे

२०२३ च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या वागातोरच्या मोटोव्हर्समध्ये, म्हणजे आपल्या बाइकवाल्यांच्या वार्षिक मेळाव्यात, रॉयल एन्फील्डने हिमालयन ४५० या बाइकची किंमत जाहीर केली. पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, तिथेच स्क्रॅम ४४० पहिल्यांदा लोकांसमोर आली. तेव्हापासून म्हापशापासून फोंड्यापर्यंत जिथे चार बाइकवाले जमतात तिथे एक वाक्य हटकून कानावर येतं. ‘दोन्ही एकच. दहा सीसीचा फरक. समोरची काच काढली, पुढचं चाक लहान केलं की झाली स्क्रॅम.’ हे वाक्य साफ चुकीचं आहे. त्यावर विसंबून लोक दोन-तीन लाख घालतात आणि सहा महिन्यांत गाडी विकायला काढतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गोंधळाचं मूळ मात्र समजण्यासारखं आहे, कारण हे वाक्य एकेकाळी खरं होतं. २०२२ मध्ये स्क्रॅम ४११ आली तेव्हा ती खरोखरच जुन्या हिमालयनची बहीण होती. इंजिन तेच, फ्रेमही त्याच घडणीची. पुढचं चाक २१ इंचांऐवजी १९ इंचांचं, काच आणि टाकीभोवतीचे लोखंडी दांडे गायब, किंमत थोडी कमी. मग २०२३ मध्ये हिमालयनने घर बदललं. नवीन फ्रेम, नवीन सस्पेन्शन आणि कोऱ्या कागदावरून काढलेलं नवीन इंजिन. स्क्रॅम जुन्याच घरात राहिली. गाड्यांची नाती बदलली, लोकांचं बोलणं मात्र तिथेच अडकलं.

हिमालयन ४५० बद्दल इथे फार लिहीत नाही. ज्याला बाइकची आवड आहे त्याने ती एव्हाना पाहिलेली, चालवलेली किंवा निदान मित्राकडून तिचं कौतुक ऐकलेलं आहे. पाण्याने थंड होणारं ४५२ सीसीचं शेर्पा नावाचं इंजिन, ४० पीएसच्या (अश्वशक्तीच्या) आसपास ताकद, ४० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवणारा जोर), सहा गिअर, २१ इंची पुढचं चाक, गोल स्क्रीनवर नकाशा. पुढे जाऊ.

आता स्क्रॅम ४४०. तिचं इंजिन ४४३ सीसीचं, आणि ते जुन्या ४११ चंच वाढवलेलं रूप आहे. पिस्टनचा व्यास ७८ वरून ८१ मिलिमीटर केला, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, होता तोच ८६ मिलिमीटर ठेवला. डोक्यावर एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), हवा आत-बाहेर जायला दोनच व्हॉल्व्ह, थंड करायला हवा आणि ऑइल कूलर. पाचाचे सहा गिअर झाले. ताकद २५.४ बीएचपी (पीएसच्या जवळपासचंच माप), ६,२५० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इतके फेरे असताना. टॉर्क ३४ न्यूटन-मीटर, ४,००० आरपीएमला.

हे आकडे हिमालयनच्या आकड्यांशेजारी ठेवून नीट बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. टॉर्कमध्ये ३४ आणि ४०, म्हणजे फार मोठी दरी नाही. पण ताकद २५ आणि ४०. इंजिनं जवळपास सारख्याच मापाची असताना ताकदीत एवढी तफावत का? ताकद म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनचा वेग, म्हणून. ४४० चा टॉर्क लवकर येतो आणि लवकर ओसरतो. ४५० चा टॉर्क ५,५०० ला शिखरावर पोहोचतो आणि पुढेही टिकून राहतो. ८,००० आरपीएमला, म्हणजे ताकदीच्या शिखरावर, त्या इंजिनात अजून सुमारे ३५ न्यूटन-मीटर असतात. ४४० चा सर्वोत्तम आकडासुद्धा त्याच्याखाली राहतो. उलट ८,००० पर्यंत फिरणं हा ४४० चा पिंडच नाही.

तो का नाही, हे इंजिनच्या पोटात आहे. ४५० मध्ये पिस्टनचा व्यास ८४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८१.५, म्हणजे धाव व्यासापेक्षा आखूड. चार व्हॉल्व्ह आणि दोन कॅमशाफ्ट असल्यामुळे वेग वाढला तरी श्वास पुरतो. ४४० मध्ये धाव व्यासापेक्षा लांब आणि श्वास दोनच व्हॉल्व्हमधून. वेग वाढत जातो तशी हवा अपुरी पडते आणि इंजिन थकल्यासारखं होतं. कॉम्प्रेशनही, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, ४५० चं ११.५ आणि जुन्या घराण्याचं ९.५. जास्त दाब आणि जास्त फेरे म्हणजे जास्त उष्णता, म्हणून ४५० ला रेडिएटर आणि कूलंट लागतं. स्क्रॅमचं काम वाऱ्यावर आणि तेलावर भागतं.

रस्त्यावर हे कसं जाणवतं ते चोर्ला घाटात बघा. केरीकडून वर चढताना एखादं आखूड वळण येतं, समोर मालाने भरलेला ट्रक, वेग पार उतरलेला. स्क्रॅम तिसऱ्या गिअरमध्ये असते, आरपीएम अडीच हजारांच्या आसपास. तुम्ही नुसता अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, ती कुरकूर न करता वर खेचते. त्याच जागी ४५० ला तिसऱ्यात ठेवलंत तर ती तीन हजारांखाली धक्के देते. गिअर पाडावा लागतो, मग मात्र ती अशी उसळते की ट्रक मागे कधी गेला ते कळत नाही. यात कुठलंच इंजिन वाईट नाही. एक खालून खेचतं, दुसरं वर पळतं. ज्या हाताला खालून खेचणाऱ्या गाडीची सवय आहे त्याला ४५० ‘पिकअप नसलेली’ वाटते आणि ज्याला फेरे चढवायला आवडतात त्याला ४४० ‘मेलेली’ वाटते. दोघंही गाडीला दोष देतात. खरं तर दोघांनी चुकीची गाडी घेतलेली असते.

यातून निघणारी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुनी हिमालयन ४११ ज्यांनी वर्षानुवर्षं वापरली, तिची ती संथ, धीराची, धक-धक चाल ज्यांना आवडायची, त्यांची खरी वारस स्क्रॅम ४४० आहे. नावाने हिमालयन असलेली ४५० नाही. असे कितीतरी जण नाव बघून ४५० कडे गेले आणि हळहळले. उलट, ४११ हायवेवर १०० च्या पुढे धापा टाकते म्हणून जे वैतागले होते, त्यांनी स्क्रॅमच्या वाट्याला जाऊ नये. सहावा गिअर आल्याने ९०-१०० वर इंजिन पूर्वीपेक्षा निवांत चालतं, थरथर कमी झाली आहे. पण ओव्हरटेकसाठी लागणारा राखीव दम त्या गिअरने येत नाही.

बाकीचे फरक सोपे आहेत. हिमालयनचं पुढचं चाक २१, स्क्रॅमचं १९. हिमालयनची सीट ८२५ मिलिमीटरपासून सुरू होते, स्क्रॅमची ७९५, उंची कमी असलेल्यांना तेवढाही फरक पुरतो. टाकी १७ लिटर आणि १५ लिटर. स्क्रॅमचं फोर्स नावाचं व्हेरिअंट अलॉय चाकांचं आणि ट्यूबलेस टायरचं आहे. पावसाळ्यात सत्तरीच्या आतल्या रस्त्यावर पंक्चर काढत बसलेल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. मी तेच घ्या म्हणेन.

उष्णतेबद्दल मात्र उलटसुलट बोललं जातं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अडकलात तर दोन्ही गाड्या तापतात. ४५० चा पंखा सुरू होतो आणि गरम झोत पायावर येतो, पण इंजिनचं तापमान ताब्यात राहतं. स्क्रॅमला पंखा नाही, गाडी हलली तरच तिला वारा. उभी ठेवायची असेल तर इंजिन बंद करा, एवढी साधी शिस्त तिला पुरते.

आणि एक विनंती. दोन्हींपैकी कुठलीही घेतलीत तरी पहिल्याच आठवड्यात सायलेन्सर बदलू नका. ४४० चा मूळ आवाज घनदाट आणि छान आहे. बाजारात मिळणारे फटाके लावून तो नासतो आणि वागातोर-हणजुण्याच्या वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांची झोप जाते. मला याची मनापासून चीड आहे.

सीसीच्या आकड्याचा उपयोग आहे तो करासारख्या ठिकाणी. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीच्या वरच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. या दोन्ही गाड्या त्याच रेषेच्या वर येतात, त्यामुळे तिथेही सीसी बघून निवड करता येत नाही.

हिमालयनची काच नसलेली, रस्त्यावरची सख्खी बहीण हवी असेल तर तिचं नाव गरिला ४५०. तेच शेर्पा इंजिन, दोन्हीकडे १७ इंची चाकं. ‘हिमालयनचं इंजिन पण उंची नको’ असं म्हणणाऱ्यांनी शोरूममध्ये स्क्रॅमकडे न वळता सरळ तिची चावी मागावी.

माझं मत विचाराल तर गोव्यात राहून गोव्यातच चालवायची असेल, साखळी-वाळपई-केरीचे रस्ते आणि कधीतरी बेळगाव, तर स्क्रॅम ४४०. इथे ८,००० आरपीएम लावायला मोकळा रस्ता मिळतोच किती? वर्षातून एकदा तरी लांब उत्तरेला निघणार असाल, दिवसाला पाचशे किलोमीटर कापणार असाल, सामान आणि मागे माणूस असेल, तर ४५० ला पर्याय नाही. आणि टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊन येऊ नका, तिथे दोन्ही सारख्याच वाटतात. चढ असलेला रस्ता मागा. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये ठेवा, वेग ताशी तीसवर आणा आणि गिअर न पाडता अ‍ॅक्सिलरेटर द्या.