मिरगाआधीची सुई

माझी वहिनी सरकारी इस्पितळात नर्स आहे. मिरग लागला की तिच्या वॉर्डातला खोकल्याचा आवाज चवथीपर्यंत थांबत नाही. गेल्या पावसाळ्यात मी तिला विचारलं, "वहिनी, फ्लूची लस घेतलीस की नाही?" ती म्हणाली, "मला कुठे फ्लू होतो? इतकी वर्षं रोग्यांत काढली, कधी आडवी पडले नाही."

ती खोटं बोलत नव्हती. पण आपल्याला फ्लू झाला की नाही, हे नेहमी आपल्याला कळतंच असं नाही. १९९३-९४ च्या साथीत ग्लासगोमधल्या ५१८ आरोग्य कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं गेलं. १२० जणांच्या रक्तात त्या हंगामात फ्लूचा संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा सापडल्या. त्यातल्या ५९ टक्के लोकांना फ्लू झाल्याचं आठवत नव्हतं, आणि २८ टक्क्यांना तर श्वसनाचा कसलाच आजार आठवेना. विषाणू शरीरात येऊन गेला आणि माणसं ड्युटी करत राहिली. लक्षणं दिसतात तेव्हाही विषाणू साधारण एक दिवस आधीपासूनच बाहेर पडू लागलेला असतो. म्हणजे "ताप आला की घरी राहीन" ही सावधगिरी थोडी उशिराच सुरू होते.

वॉर्डात समोर कोण असतं? केमो घेणारा, डायलिसिसवरचा, बाळंतीण, ऐंशीची आजी. वय वाढलं की लसीला शरीराचा प्रतिसाद मंदावतो. आजीला लस दिली तरी तिचं संरक्षण अपुरं राहू शकतं, म्हणून तिच्या भोवतालच्या माणसांची लस मला महत्त्वाची वाटते.

याचा पुरावा किती भक्कम आहे, हेही सांगायला हवं. २००० साली स्कॉटलंडमधल्या वृद्धांच्या २० दीर्घकालीन इस्पितळांतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणी कर्मचाऱ्यांना लस देऊ केली. तिथे ५१ टक्के कर्मचाऱ्यांनी ती घेतली, तर उरलेल्या ठिकाणी जेमतेम ५ टक्क्यांनी. लस देऊ केलेल्या इस्पितळांत १३.६ टक्के रोगी दगावले, दुसरीकडे २२.४ टक्के. मात्र रोग्यांच्या तपासणीत फ्लूचं प्रमाण त्या मानाने कमी झालेलं दिसलं नाही. त्यामुळे एवढा मोठा फरक एकट्या लसीच्या खात्यावर मांडता येत नाही. पुढच्या तज्ज्ञ आढाव्यांनीही हा पुरावा कमकुवत ठरवला. तरीही लसीची बाजू माझ्या मते पडत नाही, कारण कर्मचारी स्वतःच रोज विषाणूच्या तोंडासमोर उभा असतो. जागतिक आरोग्य संघटनाही लसीसाठी प्राधान्य देण्याच्या गटांत त्यांना धरते.

हिपॅटायटिस बीची लस तीन डोसांत आटोपते, फ्लूची मात्र दर वर्षी घ्यावी लागते. फ्लूच्या विषाणूवर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्याच आधाराने तो आपल्या पेशीला चिकटतो, आणि आपली प्रतिपिंडं (विषाणूशी लढणाऱ्या अँटीबॉडी) त्यालाच ओळखतात. हे प्रथिन सतत थोडंथोडं बदलत राहतं आणि जुनी ओळख पुसट होते. म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा लसीची घडण सुचवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी.

आपली खरी अडचण इथे सुरू होते. नकाशावर आपण उत्तर गोलार्धात आहोत, पण आपला फ्लू पावसाबरोबर येतो. श्रीनगरला तो हिवाळ्यात येतो, चेन्नईकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि देशाच्या बऱ्याच भागात त्याचा जोर जून ते सप्टेंबर असतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. मिरग ७-८ जूनच्या सुमारास लागतो, म्हणजे सुई मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत टोचलेली हवी. अमेरिकेच्या हिशोबाने ऑक्टोबरात घेतली, तर गोव्यातली पावसाळी साथ तोवर सरलेली असते.

"लस घेतली आणि तापच आला," हे वाक्य प्रत्येक इस्पितळात ऐकू येतं. टोचायच्या नेहमीच्या लसीत जिवंत विषाणू नसतो, तिच्यातून फ्लू होणं शक्यच नाही. हात दुखतो, एखाद दिवस कसकस येते. त्याच आठवड्यात दुसऱ्याच एखाद्या विषाणूचं पडसं झालं, तर दोष लसीवर जातो. लस अभेद्य नाही, हेही खरंच: विषाणूशी चांगली जुळली त्या वर्षी ती डॉक्टरकडे जायला लावणाऱ्या फ्लूचा धोका ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते.

हे सगळं वहिनीला सांगितलं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "ते पटलं रे. पण नाइट संपवून परत ओपीडीच्या रांगेत कोण उभं राहणार? दुपारची पाळी बदलताना कुणी आइसबॉक्स घेऊन वॉर्डात आलं ना, तर मी पहिली हात पुढे करीन." लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते, त्यासाठी एक आइसबॉक्स पुरतो. या मे महिन्यात तो वॉर्डात आला. वहिनीने बाही वर केली आणि मागे उभ्या असलेल्या वॉर्डबॉयलाही पुढे ओढलं.