परदेशी कर्ज-प्लॅटफॉर्मवर अडकलेले पैसे आणि केवायसी : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सेल्सियस, ब्लॉकफाय, वॉल्ड यांसारख्या, व्याजाच्या बोलीवर लोकांचे क्रिप्टो जमा करून घेणाऱ्या आणि पुढे व्यवहार बंद केलेल्या प्लॅटफॉर्मवर ज्यांची रक्कम अडकली आहे, अशा ग्राहकांसाठी हे पत्रक काढले आहे. क्लेम, म्हणजे अशा कंपनीकडून आपली रक्कम परत मागण्याचा दावा, कसा भरला जातो हे आपल्याला ठाऊक आहे असे आम्ही धरून चाललो आहोत. इंदूरच्या रामबागेतील आमच्या कार्यालयात येणारे बहुतेक जण आता एकच प्रश्न विचारतात : पैसे माझे, क्लेमही मान्य झालेला, मग पुन्हा ओळख (म्हणजेच केवायसी, ओळखीची पडताळणी) का मागतात? प्रश्न रास्त आहे. परंतु तो आमच्यापर्यंत पोहोचतो तोपर्यंत पडताळणी दोन-तीनदा फेटाळली गेलेली असते आणि काम मुळात होते त्याहून अवघड झालेले असते.

आधी कारण सांगतो. सेल्सियसने १२ जून २०२२ रोजी पैसे काढणे थांबवले आणि १३ जुलैला न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयात अर्ज केला. वॉल्डने ४ जुलै २०२२ ला व्यवहार थांबवून सिंगापूरच्या न्यायालयाकडे संरक्षण मागितले, तर ब्लॉकफाय २८ नोव्हेंबर २०२२ ला न्यू जर्सीच्या न्यायालयात गेली. प्रकरण न्यायालयात गेल्यावर ज्या कंपनीत आपण खाते उघडले ती आपल्या मर्जीने कोणाला पैसे देऊ शकत नाही. क्लेमची नोंद एक संस्था ठेवते, आणि प्रत्यक्ष रक्कम हातात देण्याचे काम बहुधा तिसऱ्याच कंपनीकडे सोपवलेले असते. सेल्सियसच्या बाबतीत अमेरिकेतील ग्राहकांसाठी पेपाल व व्हेन्मो या पेमेंट सेवा, आणि अमेरिकेबाहेरच्या अनेकांसाठी कॉइनबेस हे क्रिप्टो एक्स्चेंज असे मार्ग ठरले होते. पैसे देणाऱ्या कंपनीला आपला क्लेम खरा की खोटा याच्याशी कर्तव्य नसते; समोरची व्यक्ती तीच आहे ना, आणि तिचे नाव निर्बंधांच्या यादीत नाही ना, एवढे तिला कायद्याने पाहावे लागते. आपल्याकडेही ७ मार्च २०२३ पासून क्रिप्टोचे व्यवहार हाताळणाऱ्या संस्था मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आल्या आहेत. म्हणून क्लेम मान्य होणे आणि केवायसी पार पडणे या दोन स्वतंत्र पायऱ्या आहेत, आणि दोन्हीकडे आपले नाव, जन्मतारीख व ईमेल तंतोतंत जुळावे लागतात.

आता ज्या एका चुकीमुळे सर्वाधिक वेळ जातो, तिच्याविषयी. पहिली पडताळणी फेटाळल्याचा ईमेल आला की ग्राहक त्याच रात्री दुसरा कागद चढवतो. आधार चालले नाही म्हणून पॅन, पॅन चालले नाही म्हणून पासपोर्ट, तोही नाकारला गेला की प्रोफाइलमधले नावच बदलून पुन्हा आधार. प्रत्येक वेळी त्याला वाटते की आधीचा प्रयत्न पुसला गेला आणि पाटी कोरी झाली. तसे होत नाही. चढवलेला कागद नोंदीत राहतो, आणि पुढे प्रकरण यंत्राकडून माणसाकडे तपासायला गेले की त्या माणसाला एकाच खात्यावर तीन कागद, नावाची तीन रूपे आणि कदाचित दोन पत्ते दिसतात. ही माणसे रोज खोटे कागद पाहत असतात. त्यांनी याचा काय अर्थ लावावा? शिवाय बहुतेक ठिकाणी प्रयत्नांची संख्या ठरलेली असते, ती संपली की खाते कुलूपबंद होते आणि मग लेखी खुलाशाशिवाय गत्यंतर राहत नाही. जे काम पहिल्याच खेपेला नीट केले असते तर सुटले असते, ते त्यानंतर महिनोन्‌महिने रेंगाळते. म्हणून आमची कळकळीची विनंती आहे की पडताळणी फेटाळल्याचा ईमेल आला तर काहीही चढवू नये, काहीही बदलू नये. तो ईमेल जसाच्या तसा घेऊन आमच्याकडे यावे. पहिला प्रयत्न करण्यापूर्वीच आलात तर त्याहून उत्तम, आणि खरे सांगायचे तर आपल्याला स्वस्तही तेच पडते.

कागद फेटाळला जाण्यामागे बहुतेक वेळा नावाचा घोळ असतो, आणि आपल्या मराठी कुटुंबांत तो जरा जास्तच असतो. आपली रीत स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन शब्दांची. मध्य प्रदेशातली सर्वसाधारण रीत नाव आणि आडनाव एवढीच. परिणामी शाळेच्या दाखल्यावर आणि पॅनवर तीन शब्द, आधारवर आणि समग्र आयडीत (मध्य प्रदेश सरकारचा कुटुंबनिहाय ओळख क्रमांक) दोन, तर पासपोर्टवर वडिलांचे नाव स्वतःच्या नावाला जोडून ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बसलेले, असे आम्ही नेहमी पाहतो. काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवून संपूर्ण नाव एकाच ओळीत घातलेले असते. परदेशी यंत्रणा आडनाव मागते आणि तिथेच अडते. वाघमारे कुठे ‘डब्ल्यू’ने तर कुठे ‘व्ही’ने लिहिलेले असतात. काळ्यांचे आधारवर हिंदीत ‘काले’ झालेले असते, पण त्याची चिंता करू नये, कारण परदेशातला तपासनीस रोमन अक्षरेच वाचतो.

विवाहित स्त्रियांच्या बाबतीत याहून गुंता असतो. आडनाव बदलणे सर्वत्र आहे, परंतु आपल्यात लग्नात ताटातल्या तांदळांवर नवे नाव लिहून पहिले नावही बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती. त्यामुळे गुणपत्रिकेवरची व्यक्ती आणि पासपोर्टवरची व्यक्ती यांच्यात कागदोपत्री एकही शब्द समान उरत नाही. त्यात बँकेच्या पासबुकावर नावाआधी ‘सौ.’ छापलेले असते, आणि कधी कधी तेही रोमन अक्षरांत नावाचाच भाग होऊन बसते.

अशा वेळी घाईने आधार केंद्रावर जाऊन नाव बदलून घेऊ नये. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, आणि प्लॅटफॉर्मवरचे खाते ज्या नावाने उघडले ते नाव त्याने बदलत नाही. उलट खाते उघडताना जो कागद जुळत होता तोही हातचा जातो. आम्ही उलट्या दिशेने जातो. खाते ज्या नावाने आहे ते नाव अक्षर न् अक्षर ज्या वैध कागदावर असेल तो आधी शोधतो. पासपोर्टवर तसे नाव असेल तर पुढचे बहुधा सोपे असते. तसा कागद नसेलच, तर पासपोर्ट आणि दोन नावे एकाच व्यक्तीची आहेत असे दाखवणारा दुवा, म्हणजे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, राजपत्रातील नावबदलाची नोंद किंवा नोटरीसमोर केलेले शपथपत्र, हे दोन्ही एकाच वेळी, एका छोट्या खुलाशासह पाठवतो. शपथपत्र इंग्रजीत करून घ्यावे. कचेरीबाहेर टायपिस्टकडे हिंदी मसुदा तयारच असतो आणि तो स्वस्तात मिळतो, पण तो घेऊन आलेल्या ग्राहकाला आम्हाला परत पाठवावे लागते. नगर निगमचे विवाह प्रमाणपत्र हिंदीत असेल तर त्याचा प्रमाणित इंग्रजी अनुवाद जोडतो. ज्यांच्या लग्नाची नोंदणीच झालेली नाही, केवळ लग्नपत्रिका जपून ठेवलेली आहे, त्यांनी आधी नोंदणी करून घ्यावी. बऱ्याच वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही ती करता येते.

फोटोविषयी थोडक्यात. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. यंत्र वाचते ते प्रामुख्याने तेच. पासपोर्ट हातात धरून फोटो काढला की अंगठा नेमका तिथे येतो, आणि ट्यूबलाइटखाली काढला की लॅमिनेशनवर पांढरा पट्टा उमटतो. पासपोर्ट गडद रंगाच्या सपाट टेबलावर ठेवून, दिवसा खिडकीजवळ, चारही कोपरे दिसतील असा फोटो काढावा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो पुढे चढवू नये, कारण तिथे तो दाबला जाऊन अक्षरांच्या कडा पुसट होतात. कोपरा कापलेला किंवा ‘थोडा उजळ केलेला’ फोटोही नको. फेरफार झाल्याची शंका यायला तेवढे पुरते.

बँकेच्या रकान्यात होणारी एक चूक इतकी साधी आहे की ती कोणाच्या लक्षात येत नाही. परदेशी अर्जात स्विफ्ट कोड (आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी बँकेची ओळख) मागतात, आणि ग्राहक आयएफएससी भरतात. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो, स्विफ्ट कोड ८ किंवा ११ अक्षरांचा, त्यामुळे रकाना कधी कधी तक्रार न करता तो स्वीकारतोही. पाचवे अक्षर शून्य असेल तर आपण आयएफएससी लिहिला आहे हे ओळखावे. आपल्याकडे पुष्कळांची जुनी खाती सहकारी बँकांत आहेत. त्यांपैकी अनेकींकडे स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो. परदेशातून येणाऱ्या रकमेसाठी दुसऱ्या बँकेतील खाते द्यावे, आणि त्या खात्यावरचे नाव पुन्हा एकदा पासपोर्टशी ताडून पाहावे.

चार मित्रांनी पैसे गोळा करून एकाच्या नावाने गुंतवले, असेही प्रसंग आमच्यासमोर येतात. न्यायालयाच्या दृष्टीने धनको तो एकटाच, आणि केवायसीही त्याचीच होईल. उरलेल्या तिघांनी आपली ओळखपत्रे चढवून पाहू नयेत. आपसातला हिशेब आपसातच लिहून ठेवावा. पैसे पत्नीच्या किंवा भावाच्या बँक खात्यातून गेले असतील तर त्या खात्याचे विवरण आणि देशी एक्स्चेंजवरील खरेदीची नोंद जवळ ठेवावी, कारण निधीचा स्रोत विचारला जाऊ शकतो. खातेदार हयात नसेल तर प्रकरण वेगळे होते. नामनिर्देशन असले तरी नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, आणि परदेशात बहुधा वारसा प्रमाणपत्रासह परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचे प्रमाणीकरण) मागतात. अशा कुटुंबांना आम्ही वकिलांकडे पाठवतो आणि कागदांच्या जुळणीपुरतेच काम स्वतःकडे ठेवतो.

काही ग्राहकांची आमच्यावर नाराजी आहे की आम्ही मूळ कागद पाहण्याचा आग्रह धरतो, दोनदा यायला लावतो आणि ‘पासवर्ड देतो, तुम्हीच करून टाका’ असे म्हटले तरी तयार होत नाही. त्यामागचे कारण असे. ऑगस्ट २०२३ मध्ये ब्लॉकफाय, एफटीएक्स आणि जेनेसिस या दिवाळखोर क्रिप्टो कंपन्यांच्या क्लेमची नोंद ठेवणाऱ्या क्रोल या संस्थेच्या एका कर्मचाऱ्याचा फोन नंबर चोरांनी दुसऱ्या सिमवर वळवला आणि क्लेमदारांची माहिती त्यांच्या हाती गेली. त्यानंतर क्लेमदारांना अस्सल वाटावेत असे बनावट ईमेल येऊ लागले. आपले नाव आणि आपण क्लेमदार आहात ही गोष्ट ईमेल पाठवणाऱ्याला ठाऊक आहे, एवढ्यावरून तो खरा ठरत नाही. म्हणूनच आम्ही पासवर्ड, ओटीपी किंवा वॉलेटचे गुप्त शब्द कधीही विचारत नाही, ईमेलमधील दुव्यावर न जाता पत्ता स्वतः टाइप करायला लावतो, आणि चेहऱ्याची व्हिडिओ पडताळणी ग्राहकाच्याच फोनवर, त्याच्याच हातून करवून घेतो. ‘पैसे सोडवून देतो, आधी १० टक्के भरा’ असे फोन करणाऱ्यांना आमच्या पत्रकाचा संदर्भ देऊन हवे तर नाही म्हणावे. आम्ही टक्केवारीवर काम करत नाही, कारण रक्कम किती मिळणार हे आमच्या हातात नसते. सेल्सियसमध्ये प्रत्येकाचा क्लेम १३ जुलै २०२२ च्या भावाने डॉलरमध्ये मोजला गेला. पुढे बिटकॉइन कितीही चढले तरी तो आकडा हलत नाही, आणि त्याबद्दलचा राग आमच्यावर काढून उपयोग नाही.

देशातील पी-टू-पी (एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला कर्ज देण्याच्या) प्लॅटफॉर्मविषयीही विचारणा होते. ते रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांखाली चालतात. तिथे कर्ज आपण थेट कर्जदाराला दिलेले असते आणि प्लॅटफॉर्म केवळ मध्यस्थ असतो, त्यामुळे वर सांगितलेली रीत तिथे तशीच लागू होत नाही. त्या ग्राहकांनी कर्जाचे करारपत्र घेऊन यावे, बोलू.

पहिल्या भेटीला पासपोर्ट, पॅन, आधार, बँकेचे विवरण, प्लॅटफॉर्मकडून व क्लेम संस्थेकडून आलेले सर्व ईमेल छापून, आणि विवाहित स्त्रियांनी लग्नापूर्वीचा कोणताही एक कागद आणावा. ही भेट विनामूल्य आहे. तीत आम्ही नावांचा तक्ता करून कोणता कागद चालेल ते सांगतो, आणि ग्राहकाला पुढचे काम स्वतः करायचे असेल तर त्याने तो तक्ता घेऊन जावा. काम आमच्याकडे दिल्यास फी ठरावीक आहे आणि ती आधीच लिहून दिली जाते. पडताळणी एकदाही न केलेल्या प्रकरणाची कमी, कुलूपबंद झालेल्या प्रकरणाची जास्त. रक्कम हाती आल्यावरच्या कराचे काम आम्ही करत नाही, त्यासाठी आपल्या सीएंना आधीच कल्पना देऊन ठेवावी. महू, देवास व उज्जैनहून येणाऱ्यांनी फोन करून वेळ ठरवावी आणि शक्यतो सकाळी यावे, म्हणजे शपथपत्राची गरज निघालीच तर नोटरीचे काम त्याच दिवशी उरकून परत जाता येईल.