चित्रातला धूर कुणीकडे चालला?

जुन्या यॉटचं चित्र पाहायला मिळालं, की माझी नजर आधी धुराकडे जाते. शिडं काय, कुणीही फुगवून दाखवतो. धूर काढताना भले भले चुकतात.

एकोणिसाव्या शतकातली ‘सनबीम’ घ्या. इंग्लंडच्या थॉमस ब्रॅसी यांची ही यॉट 1874 साली बांधली गेली. तीन डोलकाठ्या, आणि पोटात वाफेचं इंजिन. 1876-77 मध्ये ब्रॅसी कुटुंब तिच्यातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. 1887 साली ती मुंबईलाही येऊन गेली. वारा फुकटचा, पण लहरी. कोळसा भरवशाचा, पण विकतचा आणि जागा खाणारा. म्हणून दोन्हींची सोय.

आता समजा, अशी यॉट इंजिनावर ताशी 8 सागरी मैल वेगाने चालली आहे आणि वारा बरोबर पाठीमागून ताशी 15 मैलांनी येतोय. धुराड्यातून सुटलेला धूर वाऱ्याच्या स्वाधीन होतो, तो यॉटला मागे टाकणार! म्हणजे चित्रात लोट नाळेच्या, म्हणजे यॉटच्या पुढच्या टोकाच्या, पुढे जायला हवा, आणि डोलकाठीवरचं निशाणही पुढेच फडफडायला हवं. वारा 8 मैलांवर उतरला, की धूर सरळ वर चढतो, निशाण लुळं पडतं, शिडंही लोंबतात. समुद्रावर वारा वाहतोच आहे, पण डेकवरच्या माणसाला वाटतं, वारा पडला.

खऱ्या वाऱ्यातून जहाजाचा वेग, दिशेसकट, वजा केला की उरतो तो आभासी वारा. स्कूटरवर बसलं की सरळ पडणारा पाऊसही तोंडावर येतो, तसंच हे. शीड, निशाण आणि धूर, तिघांनाही हा एकच वारा कळतो. त्यामुळे तिघांची साक्ष जुळायलाच हवी.

काही चित्रांत ती जुळत नाही. आडव्या काठ्यांवरची चौकोनी शिडं पुढे गच्च फुगलेली आणि धूर मात्र आगगाडीसारखा सरळ मागे! मालकाला आपल्या यॉटची शिडंही दाखवायची असणार आणि इंजिनही. पैसे मोजणारा तोच, चित्रकार बिचारा काय करणार? खरं तर वारा बाजूने घेतला असता, तर सुटका होती. मग धूर तिरका मागे जातो, आणि ज्या अंगाला धूर, त्याच अंगाला शिडं फुगतात.

नुसत्या शिडांवर जायचं, तर इंजिनावर फिरून जहाज ढकलणारा पाण्यातला पंखा बंद असतो आणि उलटा अडसर होतो. 1860 साली पाण्यात उतरलेल्या ‘वॉरियर’ या ब्रिटिश युद्धनौकेवर शेकडो खलाशी दोर ओढून तो अवजड पंखा वर उचलून घेत. धुराडीही दुर्बिणीसारखी मिटवून खाली करता येत. तेव्हा ‘वॉरियर’च्या एखाद्या चित्रात धुराडीच ठेंगणी दिसली, तर चित्रकाराला लगेच नावं ठेवू नका.