शेतजमिनीवरील नदीकाठचे उद्यान

असे उद्यान म्हणजे पूर्वी पिकाखाली असलेली नदीकाठची जमीन, तिचा उतार, माती आणि पूर सामावण्याची ताकद न मोडता, सार्वजनिक वापरासाठी राखणे. सोलापूरच्या संदर्भात हा विचार मुख्यतः सीनाकाठाला लागू पडतो. अहिल्यानगर जिल्ह्यात उगम पावणारी सीना हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात जागोजागी नुसती डबकी उरतात. सप्टेंबर २०२५ मध्ये मात्र तिच्या पुराने माढा, मोहोळपासून दक्षिण सोलापूरपर्यंत काठची शिवारे बुडवली. उद्यान या दोन्ही सीनांसाठी आखावे लागते.

आखणी पूररेषांपासून सुरू होते. महाराष्ट्रात निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. निळ्या रेषेच्या आत उद्यान, मैदान यांसारखा मोकळा वापर चालतो. स्वच्छतागृह, पंपघर, विजेची पेटी लाल रेषेपलीकडेच हवी. सर्रास होणारी चूक म्हणजे भराव: राडारोडा टाकून जागा उंच करायची आणि वर फरशी बसवायची. पुराचे पाणी मग शेजारच्याच्या रानात घुसते.

काळी माती हा या जागेचा खरा ठेवा. सोलापुरात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे एकरी सुमारे २२ लाख लिटर. खोल काळी जमीन त्यातला मोठा भाग धरून ठेवते. परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बी ज्वारी उभी राहते ती याच गुणामुळे. हीच माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते आणि काँक्रीटची पायवाट दोन-तीन वर्षांत तडकवते. त्यामुळे दाबलेल्या मुरमाची, थोडी उंच आणि दुरुस्त करता येणारी वाट बरी. सतत उसाखाली राहून चोपण, म्हणजे क्षारांमुळे घट्ट आणि निचरा न होणारा, झालेला तुकडा मात्र वेगळा ओळखावा लागतो. तिथे निचऱ्याचे चर आणि जिप्सम आधी, झाडे नंतर.

जुन्या शेताचा नकाशा हाच निम्मा आराखडा असतो. सातबाऱ्यावर कुठे विहीर, कुठे ऊस, कुठे नुसती ज्वारी हे वर्षानुवर्षे लिहिलेले असते. बांध उतारावरचे पाणी अडवतात, म्हणून ते सपाट करू नयेत. बांधावरची बाभूळ आणि कडुनिंब आहेत तिथेच राहू द्यावेत. मोटेच्या विहिरीची धाव, म्हणजे मोट ओढताना बैल ये-जा करत ती उतरती वाट, बैलांच्या चालीने दबून कठीण झालेली असते, तिच्यावर वेगळी पायवाट घालायची गरज उरत नाही. विहिरीला कठडा आणि जाळी मात्र हवीच.

हिरवळ हा इथला सर्वांत महागडा हट्ट. रोज पाच मिलिमीटर पाणी धरले तरी एकरभर हिरवळीला सुमारे २० हजार लिटर लागतात, आणि शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. त्याऐवजी पात्रालगत वाळुंज, लव्हाळा, वाळा लावावा. वरच्या बाजूला करंज, जांभूळ, उंबर. रोपांना पहिली तीन वर्षे ठिबक, तेही शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर, हे परवडते. वेडी बाभूळ शिरली की बाकी काही वाढू देत नाही.

जमीन कोणाची होती, हा प्रश्न आराखड्यात सहसा एका ओळीत उरकतात. विकास आराखड्यात उद्यानाचे आरक्षण पडले की शेतकऱ्याला ती धड विकता येत नाही, ना तीवर बांधता येते. १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत संपादन झाले नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि नियोजन प्राधिकरणाने मुदतीत पाऊल उचलले नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. मोबदल्याइतकेच वहिवाटीचेही पाहावे लागते: मेंढरे पाण्यावर नेण्याची वाट कुंपणाने तुटली, तर कुंपण फार दिवस टिकत नाही.

पूर ओसरल्यावर बाके धुवावीत, पण वाफ्यांतला गाळ ट्रॅक्टरने बाहेर नेऊ नये. मळईच्या, म्हणजे नदीच्या गाळाच्या, रानात शेतकरी करतात तसा तो झाडांच्या आळ्यांत पसरावा.