लॉन ट्रॅक्टर की गार्डन ट्रॅक्टर? आधी मागचं चाक बघा

जुन्या सामानाच्या जाहिरातींत दोन फोटो शेजारीशेजारी असतात. दोन्हीत बॉनेट, स्टिअरिंग, एक सीट, मागे मोठी चाकं आणि पोटाखाली गवत कापायचा डेक. दोन्हींवर लिहिलेलं असतं ‘ट्रॅक्टर’. एक पाचसहा वर्षं वापरलेला, २० हॉर्सपॉवरचा, चकचकीत. दुसरा १९६०च्या दशकातला, रंग उडालेला, जेमतेम १० हॉर्सपॉवरचा. अमेरिकेत पहिल्यांदा घर-अंगण घेतलेला आपला माणूस कुठला उचलेल? मी चकचकीत उचलला. त्याच वसंतात ड्राइव्हवेसाठी खडी आली, मागे ट्रॉली जोडली, आणि तिसऱ्या खेपेला चढावर चाकं फिरायचीच थांबली. इंजिन मात्र मजेत गुरगुरत होतं. दम निघाला होता मागच्या गिअरबॉक्सचा.

विकणाऱ्याने फसवलं असं म्हणता येत नाही. मी घेतला होता लॉन ट्रॅक्टर, आणि काम सांगितलं गार्डन ट्रॅक्टरचं. लॉन ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायचं यंत्र, ज्यावर बसून फिरता येतं. गार्डन ट्रॅक्टर म्हणजे आकाराने लहान केलेला खरा ट्रॅक्टर, जो गवतही कापतो. त्याला नांगर लावा, माती भुसभुशीत करणारा टिलर लावा, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावा. मातीत घुसणाऱ्या अवजाराचा ओढा सोसायचा या हिशेबानेच तो घडवलेला असतो.

बाहेरून हा फरक ओळखायचा तर बॉनेट बघू नका, खाली बसा आणि मागच्या चाकाचा मधला भाग बघा. लॉन ट्रॅक्टरचं चाक साधारण पाऊण इंची ॲक्सलवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, नुसतं सरकवलेलं असतं, टोकाला एक छोटी क्लिप आणि वर प्लास्टिकचं टोपण. रिम आठ इंची. जुन्या गार्डन ट्रॅक्टरला तिथे मोटारीसारखे पाच बोल्ट दिसतात, रिम बहुधा बारा इंची आणि ॲक्सल एक इंच किंवा त्याहून जाड. मग हात आत घालून फ्रेम चाचपा. लॉन ट्रॅक्टरची फ्रेम दाबून घडवलेल्या पत्र्याची. गार्डन ट्रॅक्टरची फ्रेम जाड पोलादी, आणि मागचा गिअरबॉक्स बिडाचा. वजनात हे लगेच जाणवतं. जुना गडी डेकशिवायच तीनशे किलोच्या आसपास भरतो.

हॉर्सपॉवरच्या आकड्याने तर भल्याभल्यांना चकवलंय. आपल्याकडे महिंद्राचा युवराज २१५ फक्त १५ हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा डिझेल, आणि तो शेतात नांगर ओढतो. २० हॉर्सपॉवरच्या लॉन ट्रॅक्टरला कुणी नांगर लावला तर आधी गिअरबॉक्स हात टेकेल. ओढायचं काम ठरतं ते गिअर, ॲक्सल आणि वजनावर. बॉनेटवरचा आकडा फक्त इंजिनाचा.

नावावरूनही फसगत होते. कब कॅडेट हे गार्डन ट्रॅक्टरचं नाव इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकन ट्रॅक्टर कंपनीने काढलं. पहिलं मॉडेल १९६१च्या सुमाराचं, ७ हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन, आणि चाकांपर्यंत ताकद पट्ट्याने नव्हे तर शाफ्टने पोचवलेली. १९८१मध्ये हा धंदा एमटीडी या दुसऱ्या कंपनीकडे गेला. नाव तेच राहिलं, पण आज त्याच नावाखाली साधे लॉन ट्रॅक्टरही मिळतात. जॉन डीअरने १९६३मध्ये ११० बाजारात आणला तो अस्सल गार्डन ट्रॅक्टर. हिरवा-पिवळा रंग मात्र आता दोन्ही जातींवर असतो. साउथ बेंडच्या व्हील हॉर्सचे लाल ट्रॅक्टर माझे विशेष लाडके. ती कंपनी १९८६मध्ये टोरोने घेतली.

जुना बघायला जाताना विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर इंजिनावर हात ठेवा. गरम लागलं तर काहीतरी झाकायचंय, असं मी धरून चालतो. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवा. व्हील हॉर्सचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुकडा, ॲक्सलवर एका चावीने (खाचेत बसणाऱ्या लोखंडी पाचरीने) आणि स्क्रूने बसवलेला असतो. तो ढिला ठेवून वर्षानुवर्षं चालवला असेल तर चावीची खाच रुंदावलेली असते, आणि ते काम खर्चाचं. शिवाय डेक उलटा करून बघा. वरून रंगवलेला आणि आतून चाळणी झालेला डेक मी दोनदा पाहिलाय.

कुणी जाणकार बरोबर आला आणि त्याने सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला तर आकडा कमी आल्याने घाबरू नका. कोहलरच्या के मालिकेतल्या बऱ्याच इंजिनांत स्टार्ट करताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवायची सोय असते, त्यामुळे गेज खोटंच बोलतो.

देखभालीत तर हे दोघे पुरते वेगळ्या स्वभावाचे. लॉन ट्रॅक्टर आपल्याकडून फारसं मागत नाही. ऑइल बदला, पाती घासा, बॅटरी बघा, झालं. पण त्याच्या मागच्या गिअरबॉक्सला बऱ्याचदा ऑइल काढायचा बोल्टच नसतो. बंद पेटी. बिघडली की अख्खी बदला, आणि ती बदलण्यापेक्षा नवा ट्रॅक्टर घ्यावासा वाटतो.

जुन्याची सेवा नेमाने करावी लागते, पण त्याचं सगळं उघडता येतं. जुन्या चेतक स्कूटरचे पॉइंट, म्हणजे ठिणगी पाडायला उघडझाप करणारे संपर्क, ज्याने घासलेत त्याला कोहलरचं इंजिन परकं वाटणार नाही. पॉइंट इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला, एका छोट्या झाकणाखाली असतात. गॅप ०.०२० इंच. मधे फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सरकवताना जरासं अडखळल्यासारखं व्हायला हवं, तीच खूण. पॉइंट काळवंडले की बारीक पॉलिश पेपर फिरवायचा, मग पातळ पुठ्ठा ओढून धूळ पुसायची. माझ्या मुलाला हे करताना बघून आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, “अरे, तिकडेही हेच करता?”

ऑइलच्या बाबतीत मात्र कानाडोळा नको. या इंजिनांत ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या टोकाला एक चमचा असतो, तो ऑइल उडवतो आणि त्या शिंतोड्यांवर सगळं चालतं. पातळी खाली गेली की रॉड तुटतो आणि कधीकधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून प्रत्येक वेळी डिपस्टिक, आणि दर २५ तासांनी नवं ऑइल. दुसरं, पंख्यावरचं पत्र्याचं आवरण वर्षातून एकदा उघडा. माझ्या जुन्या ट्रॅक्टरच्या आवरणाखाली उंदराने केलेलं घरटं निघालं, सोफ्याच्या कापसासकट. इंजिन हवेवर थंड होतं, आणि नेमका हवेचा रस्ताच बुजलेला. कब कॅडेटच्या मागच्या गिअरबॉक्सचं ऑइल दुधाळ दिसलं तर समजा पाणी शिरलंय, बदलून टाका.

साठच्या दशकातल्या बऱ्याच यंत्रांना सीटखाली स्विच नसतो. चालक उतरला तरी इंजिन आणि पाती फिरतच राहतात. घरात लहान मुलं असतील तर आधी ती सोय करून घ्या, रंगरंगोटी मग.

माझं मत विचाराल तर सपाट अर्ध्या एकराचं नुसतं गवत कापायचं असेल तर लॉन ट्रॅक्टरच घ्या. जुन्या लोखंडाचा सोस उगाच करू नका. जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा डेक काढणं-लावणं एकट्या माणसाला कमरेत भरतं. खडी, लाकडं, बर्फ किंवा भाजीचा वाफा असेल तर जुना बघा. काही शे डॉलरांत चालू स्थितीतला मिळतो. आणि पहिल्या हिवाळ्याआधी पेट्रोलचा नळ बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू ठेवा. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा १० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं, आणि पेट्रोल तसंच राहिलं तर मार्चमध्ये कार्बोरेटर उघडावा तर वाटीच्या तळाशी हिरवट गाळ बसलेला असतो.