टिळक पंचांगाची संक्रांत १० जानेवारीलाच कशी?

दर जानेवारीत कुणीतरी विचारतंच, संक्रांत १४ नाहीतर १५ ला असताना टिळक पंचांगवाले १० तारखेलाच तिळगूळ वाटून मोकळे कसे होतात? "त्यांचं पंचांग वेगळंय" म्हणून विषय संपवतात सगळे, पण भांडण जुनं आहे आणि खरं सांगायचं तर मजेशीर आहे.

पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणून तो आपल्याला ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर रोज साधारण १ अंश सरकलेला दिसतो. या वाटेचे ३० अंशांचे बारा तुकडे म्हणजे राशी, आणि सूर्य एका राशीतून पुढच्या राशीत शिरला की संक्रांत, तिळगुळाची ती मकरेत शिरण्याची. आता शून्य अंश कुठे धरायचा, सगळा घोळ इथेच. मार्चमधला दिवस-रात्र सारखे असतात तो बिंदू, म्हणजे वसंतसंपात, धरावा तर तोच ताऱ्यांमधून मागे सरकत राहतो, कारण सूर्य-चंद्राच्या ओढीने पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलतो, ७२ वर्षांत साधारण १ अंश. म्हणून खरं उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं आणि आपण मात्र ताऱ्यांना धरून बसल्यामुळे तीन आठवड्यांनी गोड बोलायला लागतो.

आपल्याकडे पंचांगं शतकानुशतकं ग्रहलाघवावरून व्हायची, कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाचा १५२० चा ग्रंथ, किचकट गणित टाळून सोपा केलेला, पण एकोणिसाव्या शतकापर्यंत त्यातलं गणित आणि आकाश यांचं जमेना. मग गणिती केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० ला नवी कोष्टकं काढली आणि त्यातून पटवर्धनी पंचांग आलं. त्यांनी शून्य धरला रेवती नक्षत्रातल्या एका मंद ताऱ्यापाशी. लोकमान्य टिळक छत्र्यांचेच विद्यार्थी, त्यांनीही रेवतीच उचलून धरली, १९०४ ला मुंबईत, १९२० ला सांगलीत पंचांगाच्या परिषदा झाल्या. दुसऱ्या बाजूला ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर, ते म्हणाले चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर धरा, म्हणजे शून्य आपोआप तिच्या समोर येतो. चित्रा ठळक आहे, कुणालाही सापडते, मला तरी केतकरांचं म्हणणं जास्त पटतं. पुढे सरकारच्या पंचांग सुधारणेच्या मेघनाद साहा समितीनेही चित्राच घेतली.

दोन शून्यांत फरक जेमतेम ४ अंशांचा, आणि सूर्य रोज १ अंश चालतो, म्हणून रेवतीवाल्या टिळक पंचांगाची संक्रांत ४ दिवस आधी. एवढंच असतं तर कुणी भांडलं नसतं हो. पण बारा चांद्रमहिने मिळून ३५४ दिवस भरतात, वर्षाला ११ दिवस कमी, ते भरून काढायला अधिक महिना घालावा लागतो, आणि ज्या चांद्रमहिन्यात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. संक्रांती ४ दिवस हलल्या की कधीकधी एकाचा अधिक महिना एक आणि दुसऱ्याचा भलताच, आणि मग रत्नागिरीकडे शेजारशेजारच्या दोन घरांत गणपती महिन्याच्या अंतराने बसतात.